उपासाचं खायचं, उपास करायचा नाही

बावीस वर्षं मी डबे केले. इंदूरला सुदामानगरच्या आमच्या स्वयंपाकघरातून भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या मुलांना रोज चाळीस-पन्नास डबे जायचे, पण माझ्या ओट्यावर काटा कधी आला नाही. मीठ चिमटीने, तेल पळीने, कणीक नजरेने. परातीत पीठ पडलं की किती पोळ्या होतील ते मी सांगायचे, आणि एक-दोनच्या वर चुकायचे नाही. या अंदाजाचा मला भारी गर्व होता. माझ्या नातीने तो उतरवला, तेव्हा ती अकरा दिवसांची होती.

मनूच्या टाचेतून तिसऱ्या दिवशी रक्ताचे थेंब कागदावर घेतले होते. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे होत नाही. सुनेने कुठेतरी वाचलं होतं, तिने हट्ट धरला म्हणून झाली. (मी तेव्हा म्हणाले होते, ‘कशाला त्या एवढ्याशा जिवाला टोचायचं?’ हे मुद्दाम लिहिते आहे.) अकराव्या दिवशी फोन आला. रक्तात फिनाइलअलानिन डेसिलिटरला २४ मिलिग्रॅम. निरोगी बाळाचं ते २ च्या आत असतं. आजाराचं नाव फिनाइलकीटोन्यूरिया, सगळे पीकेयू म्हणतात.

मला समजलं ते असं. आपण जी प्रथिनं खातो, दूध, डाळ, गहू, तांदूळ, सगळ्यांत फिनाइलअलानिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक एंझाइम त्याचं टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल करून टाकतं. मनूचं ते एंझाइम काम करत नाही. मग ते रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. पण पहिल्या काही आठवड्यांतच खाणं मोजून द्यायला सुरुवात केली आणि पुढे कायम ठेवली, तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. मनू आता सात वर्षांची आहे, दुसरीत आहे, आणि पत्त्यांत मला फसवते.

हे मी लिहिते आहे ते अशा घरांतल्या आज्यांसाठी, मावश्यांसाठी, आणि जो कोणी ओट्याशी उभा राहतो त्याच्यासाठी. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील, आकडे आहारतज्ज्ञ देतील. खाली जे आकडे येतील ते आमच्या मनूचे आहेत, तुमच्या बाळाला किती सोसतं ते वेगळं असणार. मला फक्त स्वयंपाकघराचं सांगायचं आहे.

आधी काटा

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, आणि त्याचे सेल जादा आणून ठेवा. दिवाळीच्या दिवशी सेल संपले की काय होतं ते आम्हाला माहीत आहे.

मनूला दिवसाला साधारण ३०० मिलिग्रॅम फिनाइलअलानिन चालतं. ढोबळ हिशोब असा की धान्य-डाळीतल्या १ ग्रॅम प्रथिनात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे जेवणातली प्रथिनं दिवसाला ६ ग्रॅम. सहा ग्रॅम म्हणजे किती? एक पेलाभर दूध प्यायली की संपले. मूठभर शेंगदाणे, साधारण पंचवीस ग्रॅम, खाल्ले की संपले. साध्या कणकेच्या दोन-अडीच फुलक्यांत संपले. डाळीकडे तर बघायचंच नाही.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथल्या तिथे बसले. ज्या बाईने आयुष्यभर ‘वरण-भात-तूप खा, बरं वाटेल’ एवढंच औषध दिलं, तिच्या नातीला वरण चालणार नाही, भात मोजून, आणि तूप मात्र हवं तेवढं. हो, तूप, तेल, साखर यांत प्रथिन जवळजवळ नसतंच. फळं आणि बहुतेक भाज्याही उदार आहेत. युरोपातल्या डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ७५ मिलिग्रॅमपेक्षा कमी फिनाइलअलानिन असलेली फळं-भाज्या मोजायचीही गरज नाही. दुधी, पडवळ, दोडका, काकडी, लाल भोपळा, टोमॅटो, सफरचंद, पपई, द्राक्षं, आंबा. मटार, पालक, मक्याचं कणीस मात्र या यादीत नाही. बटाटा आम्ही मोजतो.

आता माझा नियम, आणि या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. हिशोब ओट्यावर करायचा, ताटावर नाही. सकाळी सगळं मोजून वाट्यांत काढून ठेवायचं. ताट वाढलं की काट्याचं, मिलिग्रॅमचं, ‘थांब, किती घेतलंस’चं नाव काढायचं नाही. पहिली दोन वर्षं आमच्याकडे उलटं होतं. पोरगी घास उचलायची आणि तीन मोठी माणसं तिच्या हाताकडे बघायची. कोणाला जेवण जाईल अशा पहाऱ्यात? तिने जेवताना तोंड घट्ट मिटायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला कळलं की आजारापेक्षा आमची नजर तिला जास्त सोसत नाहीये.

तिने एखादी वाटी उरवली तरी घाबरू नका, पण रोज उरत असेल तर आहारतज्ज्ञांना सांगा. कमी खाल्लं म्हणजे चांगलंच झालं, असं इथे नसतं. पोट भरलं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, त्यातून फिनाइलअलानिन सुटतं आणि रक्तातला आकडा चढतो. शिवाय थोडं फिनाइलअलानिन वाढीला लागतंच, ते शून्य करायचं नसतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

रोजचीच एकादशी

मग एका आषाढीला माझी ट्यूब पेटली. मी माझ्यासाठी साबुदाणा भिजवत होते आणि सून आहारतज्ज्ञांचा तक्ता मोठ्याने वाचत होती. ‘साबुदाणा, शंभर ग्रॅममध्ये प्रथिन ०.२ ग्रॅम.’ मी म्हटलं, पुन्हा वाच. मग आरारोट, तेही तसंच. रताळं दीड ग्रॅमच्या आसपास. बटाटा तेवढाच. म्हणजे आमच्या आजे-सासूबाईंनी उपासाच्या नावाखाली जे स्वयंपाकघर उभं केलं होतं, ते बरंचसं मनूचंच होतं! डबेवालीला नवीन काही शिकायचं नव्हतं, रोज एकादशी करायची होती. आणि ती पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’वाली.

तीन गोष्टी मात्र या उपासातून काढायच्या. दाणे, दही-दूध आणि राजगिरा. वरई आणि शिंगाड्याचं पीठ मोजून. आणि खरा उपास, उपाशी राहण्याचा, मनूने कधीच करायचा नाही. मोठी झाल्यावरही हरतालिका-बिरतालिका काही नाही, हे मी आत्ताच जाहीर करून टाकलं आहे.

साबुदाण्याच्या खिचडीचं सांगते, कारण दाण्याचा कूट काढला की खिचडीचा गोळा होतो. कूट हा फक्त चवीला नसतो, तो दाणा दाण्यापासून सुटा ठेवतो. म्हणून साबुदाणा तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. मग जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात भिजवा. सकाळी पंच्यावर पसरून अर्धा तास वारा लागू द्या. कढईत टाकायच्या आधी चमचाभर तूप हाताने चोळा. फोडणीत जिरं, मिरची, मोजलेला बटाटा. दाण्यांच्या कुरकुरीतपणासाठी मी साबुदाण्याचे पापड तळून जाडसर चुरते आणि ताटात वाढताना वरून घालते, आधी घातले तर मऊ पडतात. दहा ग्रॅम ओला नारळ, लिंबू, आणि वर जिरावण, म्हणजे आमच्याकडचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. जिरावणाशिवाय इंदूरमध्ये कुठलीच गोष्ट पूर्ण होत नाही.

पोळीवर मी आठ महिने घालवले. आता जमते ती अशी: साबुदाणा कोरडाच मिक्सरमधून काढून चाळायचा. ते पीठ ५० ग्रॅम, आरारोट ५० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा ७-८ ग्रॅम, मीठ, चमचाभर तेल. इसबगोल आपल्याकडे नीमचच्या मंडीतून येतो, चांगला पांढरा बघून घ्या, गव्हातला चिकटपणा जे काम करतो ते इथे तो करतो. यात उकळतं पाणी थोडं थोडं घालत मोदकाच्या उकडीसारखं मळायचं. पाणी पिठाप्रमाणे कमी-जास्त लागतं, इथे अंदाज चालतो. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटायचं, मध्यम तव्यावर भाजायचं. पापुद्रा सुटत नाही, फुगली तर नशीब. पण घडी पडते, भाजी उचलते, डब्यात चार तास मऊ राहते. डबेवाली म्हणून मी एवढीच परीक्षा घेते.

आणि आता माझी चूक. मनू साडेतीन वर्षांची असताना रक्तातला आकडा हळूहळू चढायला लागला. पथ्यावरच्या मुलांचा तो सहाच्या आत हवा, तो आठ झाला, मग साडेनऊ. आम्ही सगळं तपासलं. ताप नाही, दात नाही, तिची प्रथिनांची पावडर (तिचं पुढे सांगते) वेळेवर. सून रडकुंडीला आली, मुलगा मोलकरणीवर संशय घ्यायला लागला, तिने काही भरवलं का म्हणून. तीन आठवडे गेले. शेवटी एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा प्लास्टिकचा शोध मला लागलेला नव्हता, आणि माझा हात सवयीने पिठीच्या डब्यात गेला. पिठी कशाची? कणकेची. बावीस वर्षांची सवय! मी पिठीचा डबा लाटायच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवला. आठ पोळ्यांना बत्तीस ग्रॅम कणीक गेली होती. म्हणजे पोळीमागे चार ग्रॅम, म्हणजे वीस-बावीस मिलिग्रॅम फिनाइलअलानिन. आणि ती तेव्हा दिवसाला पाच पोळ्या खात होती. शंभराच्या वर मिलिग्रॅम मी माझ्याच हाताने रोज तिच्या ताटात झटकत होते.

मोलकरणीची माफी मी स्वतः मागितली. पिठी आता आरारोटाची, वेगळ्या रंगाच्या डब्यात. तुमच्या घरी आकडा चढला आणि कारण सापडत नसेल, तर ताटात शोधू नका, हातात शोधा. पिठी, कढी दाटवायला लावलेलं बेसन, भजी तळलेल्या तेलातला चुरा, हिंगातलं पीठ, मसाल्यातली डाळ. सांबार मसाल्यात डाळ असते हे किती जणींना आठवतं?

अजून एक. दुकानात ‘मक्याचं पीठ’ मागू नका. कॉर्नफ्लोअर हा मक्याचा स्टार्च, त्यात प्रथिन नावापुरतं. मक्याचं पीठ म्हणजे दळलेला अख्खा मका, त्यात शंभरी सात-आठ ग्रॅमच्या वर. किराणावाला दोन्हीला ‘मक्के का आटा’ म्हणून पुढे करतो. पुडीवर वाचा, सुटं घेऊ नका.

पावडर

मनूची खरी डाळ-दूध-पोळी म्हणजे पावडर. फिनाइलअलानिन सोडून बाकीची अमिनो आम्लं, टायरोसिन आणि जीवनसत्त्वं असलेली. ती नसेल तर वर सांगितलेला सगळा स्वयंपाक म्हणजे नुसता स्टार्च आहे, त्यावर मूल वाढत नाही. ‘आज जेवली छान, पावडर राहू दे’ हे कधीही म्हणू नका.

वास येतो. खोटं कशाला बोलू, ओल्या कोंबड्यासारखा येतो. मी एकदा घोटभर घेतली होती आणि मग तिच्यावर ओरडणं बंद केलं. गरम केली की वास दुप्पट होतो, म्हणून थंड पाण्यात. झाकणाच्या ग्लासातून, नळीने, म्हणजे नाकाला कळायच्या आत पोटात. दिवसभराची एकदम देऊन मोकळं होऊ नका, तीन-चार वेळांत वाटून जेवणाबरोबर दिली तर शरीर ती नीट वापरतं. आमच्याकडे सकाळी सातला मनूची पावडर आणि माझी बीपीची गोळी एकत्र होते. ग्लासाला ग्लास लावतो. ज्या दिवशी मी गोळी विसरते त्या दिवशी ती मला सोडत नाही.

ही पावडर आली कुठून, हे मुलाने मला वाचून दाखवलं होतं. १९३४ मध्ये नॉर्वेत एका आईने आपल्या दोन मुलांचं काय बिघडलंय हे शोधायला डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घातले. शेवटी आस्बिअर्न फेलिंग यांनी त्या मुलांची लघवी तपासली आणि हा आजार सापडला. पण उपाय नव्हता. मग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात, बर्मिंगहॅमला, दुसरी एक आई रोज सकाळी हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेबाहेर उभी राहायची, माझ्या मुलीसाठी काहीतरी करा म्हणून. त्यांनी दुधातल्या प्रथिनाचे तुकडे कोळशातून गाळून फिनाइलअलानिन काढलं आणि तिच्यासाठी पहिलं मिश्रण बनवलं. दोन्ही वेळा आयाच दारात उभ्या होत्या. सुनेच्या हट्टाला मी काय म्हणाले होते ते वर लिहिलंच आहे.

पैशाचं थोडक्यात. पावडर बहुतेक बाहेरून येते आणि महाग आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात पीकेयू आणि खास आहारावर चालणारे असे बरेच आजार दुसऱ्या गटात आहेत. ठरवून दिलेल्या केंद्रात नाव नोंदवलं तर मदत मिळू शकते, आणि २०२२ मध्ये तिची मर्यादा रुग्णामागे ५० लाख केली आहे. मुंबईचं केईएम, दिल्लीचं एम्स ही अशी केंद्रं. धोरणातल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेली औषधं आणि खास आहार यांवरचं मूळ सीमाशुल्क १ एप्रिल २०२३ पासून माफ आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते आधी काढून ठेवा. कागद सगळे एका फायलीत, झेरॉक्स पाच-पाच.

शेव, सराफा आणि प्रसाद

हे इंदूर आहे. इथे लोक चहातही शेव टाकतील. मनू चार वर्षांची होईपर्यंत आम्ही घरात शेव आणायची बंद केली होती. पनीर बंद, दही झाकून, सून स्वयंपाकघरात उभ्याने जेवायची. आम्हाला वाटायचं, आपण त्याग करतोय. मग एक दिवस मनूने बाल्कनीतून खाली बघितलं आणि मला विचारलं, ‘आजी, बाबा स्कूटरवर बसून काय खातायत?’ माझा मुलगा, चाळिशीचा माणूस, पार्किंगमध्ये लपून रतलामी शेव खात होता.

त्या रात्री आम्ही चौघं बोललो. लपवलेली वस्तू मुलाला जास्त मोठी वाटते. आणि तिच्यामुळे घरातल्यांचं खाणं गेलं, हे ओझं त्या पोरीने का वाहायचं? दुसऱ्या दिवसापासून शेव टेबलावर आली. पण तिचीही शेव आली. उकडलेला बटाटा १०० ग्रॅम आणि साबुदाण्याचं पीठ १५० ग्रॅम, हळद, तिखट, ओवा, मीठ, मोहन, सोऱ्यातून थेट तेलात. एवढ्या सगळ्याचं प्रथिन मिळून दोन ग्रॅमच्या आत. रविवारच्या पोह्यांवर आमची आमची, तिची तिची. पोहे तिला कोरडे वीस ग्रॅम, त्याचे दीड ग्रॅम प्रथिन पकडतो आणि त्यात कोबी भरपूर किसून घालतो म्हणजे बशी भरलेली दिसते. पोहे-जिलबीतली जिलबी मैद्याची, तिला त्यातला एक छोटा वेढा मोजून.

सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचं तर साबुदाण्याच्या खिचडीच्या गाडीवर आधीच सांगायचं, ‘भिया, मूंगफली और मिक्चर बिल्कुल मत डालना, चम्मच भी अलग लेना.’ पहिल्या वेळी हसतात, दुसऱ्या वेळी ओळखतात, तिसऱ्या वेळी मनूला बघून स्वतःच दाणे बाजूला करतात. हिवाळ्यात गराडू मिळतो, तोही कंदच, त्याच्या सात-आठ फोडी बटाट्यापेक्षा जरा जास्त धरून बसवतो. भुट्टे का कीस मात्र नाही, त्यात मका आणि दूध दोन्ही.

सण घरात सांभाळता येतात. होळीला पुरण लाल भोपळ्याचं. मोदकाला तांदळाचं पीठ अर्धं, साबुदाण्याचं अर्धं, आणि सारणात नारळ मोजून. संक्रांतीला तिळाऐवजी साबुदाण्यावर पाक चढवलेला काटेरी हलवा, हलवा अनेक घरांत साबुदाण्याचाही करतात, त्यामुळे ‘वेगळं’ वाटत नाही. कोजागरीला सगळ्यांचं दूध, तिच्या पेल्यात आरारोटाची पातळ लापशी, केशर, वेलची, साखर आणि चमचाभर नारळाचं दूध. तिला चंद्र दिसल्याशी मतलब.

अवघड आहे तो प्रसाद. खजराण्याच्या गणपतीला गेलो की कोणीतरी मावशी मायेने लाडू तोंडाशी आणतेच. ‘देवाचं आहे, एका घासाने काय होतं?’ यावर शास्त्र सांगत बसू नका, मी खूप सांगून बघितलं. मी खिशात खडीसाखर ठेवते. आधी मनूच्या हातावर ती ठेवते आणि म्हणते, ‘प्रसाद झाला हो तिचा.’ लाडू मी खाते. त्यामुळे वजन वाढलं, ते वेगळं.

‘कोणाकडून आलं हे?’ हा दुसरा प्रश्न. नातेवाईकांना आवडतो. दोघांकडून आलं. आई आणि बाबा दोघांकडे एकेक बिघडलेला जनुक असतो, त्यांना स्वतःला काही होत नाही, आणि दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे तो माझ्या मुलाकडूनही आला, आणि त्याच्याकडे कदाचित माझ्याकडून. सुनेकडे बोट दाखवणाऱ्या एका नणंदेला मी हे सांगितलं, तेव्हापासून ती गप्प आहे.

शाळा, ताप आणि बाकीचं

शाळेत वर्गशिक्षिकेला एक पान लिहून द्या, एकच. काय चालत नाही, चुकून खाल्लं तर काय करायचं (लगेच काही होत नाही, घाबरू नका, घरी फोन करा), आणि वाढदिवसाच्या गोळ्यांसाठी मनूचा डबा कपाटात आहे. त्यात साखरेच्या गोळ्या, फळांच्या रसाच्या कँडी, वेष्टन वाचून घेतलेल्या. ‘ॲलर्जी आहे’ असं सांगणं सोपं पडतं, पण मला ते आवडत नाही. मूल पुढे तेच खरं मानतं. मनूला आम्ही एक वाक्य शिकवलं आहे, ‘मला हे चालत नाही, माझं माझ्याकडे आहे.’ दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा, पहिल्याने फक्त कीव येते.

वेष्टनावर बघायचं ते अ‍ॅस्पार्टेम. ही साखरेऐवजीची गोडी फिनाइलअलानिनपासूनच बनते. क्रमांक ९५१ किंवा ९६२ दिसला की ठेवून द्या. शुगर-फ्री च्युइंग गम, डाएट कोल्ड्रिंक तर आहेतच, पण चघळायच्या गोळ्या आणि काही सिरपांतही असतं. औषधवाल्याला दर वेळी विचारा, लाजू नका.

ताप आला की आकडा चढतो, कारण मूल खात नाही आणि शरीर आतून मोडतं. तापाच्या दिवसांसाठी वेगळा कागद डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आम्हाला सांगितलेलं असं: पावडर शक्य तेवढी चालू, थोडी थोडी, आणि साखरेचं पाणी, ग्लुकोज, फळांचा रस, आरारोटाची लापशी दर दोन-अडीच तासांनी, म्हणजे ताकद बाहेरून मिळत राहील. उलट्या थांबत नसतील तर वाट बघायची नाही.

प्रवासात काटा सामानात नाही, पर्समध्ये. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जातो तेव्हा तिच्या पोळ्या, टोमॅटोची चटणी, शेवेचा डबा, सफरचंद आणि दोन दिवसांची जादा पावडर, अर्धी माझ्या पिशवीत, अर्धी सुनेच्या. एक पिशवी हरवली तरी दुसरी असते.

मनूला काट्यावर मी सहाव्या वर्षापासून उभं केलं आहे. शाळेत जायच्या आधी ती स्वतःचा भात मोजते. पुढे कॉलेजला जाईल, लग्न करेल किंवा नाही करणार, पण मूल हवं असेल तर गरोदर राहण्याच्या आधीपासून आकडा अगदी काटेकोर ठेवावा लागतो, नाहीतर पोटातल्या बाळाला इजा होते. तेव्हा मी नसेन. हात तिचा तयार हवा.

राहिला आकडा तपासायला पाठवायचा रक्ताचा कागद. सकाळी पहिल्या खाण्याच्या आधी बोटातून थेंब घ्यायचे, वर्तुळ एकाच थेंबाने पूर्ण भरायचं, थेंबावर थेंब टाकायचा नाही. कुठलं बोट ते मनू ठरवते, उजव्या हाताचं मधलं बोट सध्या सुट्टीवर आहे. कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचा, उन्हात नाही, पंख्याखाली उडेल असा नाही. मग पाकिटात. आणि कुरियर सोमवारी किंवा मंगळवारी करा, शुक्रवारी करू नका. रविवारभर पाकीट कुठल्यातरी गोदामात पडून राहतं, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे.